सेप्टिक टाकी तुंबून घाण पाणी घरात आलं तर? पहिल्या तासात काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

संततधार पावसाचा तिसरा दिवस. घरात चार पाहुणे. वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश करतं आणि खालच्या बाथरूमच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज येतो, मग काळपट पाणी वर यायला लागतं. कमोड काठोकाठ भरलेला. वास घरभर.

अशा वेळी बहुतेक घरांत एकाच वेळी तीन गोष्टी होतात. कुणीतरी ॲसिडची बाटली शोधतं, कुणीतरी पुन्हा एकदा फ्लश करून बघतं आणि कुणीतरी बाहेर जाऊन टाकीचं झाकण उचकटायला लागतं. यातली पहिली गोष्ट निरुपयोगी आहे, दुसरी नुकसान वाढवणारी आहे आणि तिसरीत माणसाचा जीव जाऊ शकतो.

भुयारी गटार नसलेल्या भागांत, म्हणजे छोटी शहरं, शहरांच्या कडेला वाढलेल्या वसाहती, रो-हाऊस, बंगले आणि गावांतली बहुतेक पक्की घरं, मैल्याची सोय सेप्टिक टाकीवरच असते. घर बांधताना एकदा टाकी बांधली जाते, वर फरशी बसते आणि पुढची पंधरा वर्षं तिची आठवण कुणालाच येत नाही. ती आठवण करून देते ती अशी.

सगळ्यात आधी पाणी बंद

टाकी असो की पाइप, कुठेतरी वाट बंद झालेली आहे. घरात वापरलेला प्रत्येक तांब्या आता परत घरातच येणार. म्हणून पहिलं काम म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करणं. वॉशिंग मशीन सुरू असेल तर तिथेच थांबवायचं, कारण मशीन एकदम बरंच पाणी सोडतं. एकाच टाकीवर दोन-तीन बिऱ्हाडं असतील तर वरच्यांना आणि शेजारच्यांना लगेच सांगायचं. अनेकदा खालच्या मजल्यावरची मंडळी पाणी उपसत बसतात आणि वर भाडेकरूंची धुणीभांडी निवांत चालू असतात.

दुसरी गोष्ट विजेची. पाणी फरशीवर पसरून जमिनीलगतच्या सॉकेटपर्यंत, फ्रिजच्या मोटरपर्यंत किंवा एक्स्टेंशन बोर्डापर्यंत पोचलं असेल तर मेन स्विच बंद करायचा. पण मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तरच. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही. तिथे पोचता येत नसेल तर सगळ्यांनी बाहेर पडून वायरमन किंवा वीज कंपनीला फोन करायचा.

लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या खोलीपासून लांब ठेवायचं. बाथरूमचं दार लावून खाली जुन्या चादरी किंवा गोणपाट लावलं की पाणी बाकी घरात पसरायचं थांबतं. खिडक्या उघडायच्या.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी. आपल्याकडे जागा कमी म्हणून ती आणि सेप्टिक टाकी अनेकदा एकाच अंगणात, कधी चार-पाच फुटांवर असतात. मैल्याचं पाणी बाहेर साचलं असेल तर ते या टाकीच्या झाकणातून किंवा भिंतीच्या चिरेतून आत जाऊ शकतं. शंका आली की पंप बंद करायचा, म्हणजे घाण पाणी वरच्या टाकीत चढणार नाही. तोवर प्यायला बाहेरचं पाणी. अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर त्यालाही हाच नियम.

टाकी ‘भरली’ म्हणजे नक्की काय?

इथे थोडं थांबून ही टाकी चालते कशी ते समजून घेणं उपयोगाचं आहे, कारण त्याशिवाय टँकर मागवायचा की प्लंबर हेच कळत नाही.

सेप्टिक टाकीत मैला आला की जड भाग तळाशी बसतो. तेल, चरबी, साबणाचा फेस असा हलका भाग वर तरंगून साय धरतो. मधल्या थरात तुलनेनं स्वच्छ पाणी राहतं आणि तेच पाइपातून पुढे शोषखड्ड्यात जातं. तिथून ते जमिनीत मुरतं. तळाच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करत राहतात आणि त्याचा बराच भाग कुजवून कमी करतात. पण सगळा नाही. उरलेला साचत जातो.

म्हणजे सेप्टिक टाकी पाण्यानं कायम भरलेलीच असते. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत पाणी असणं ही तिची नेहमीची अवस्था आहे. ‘टाकी भरली’ याचा खरा अर्थ गाळ आणि साय इतकी वाढली की मधल्या पाण्याला जागाच उरली नाही. मग गाळ पुढे सरकतो, शोषखड्ड्याच्या विटांमधली आणि मातीतली छिद्रं बुजवतो आणि पाणी मुरायचं थांबतं. टाकी उपसायला उशीर झाला की दुरुस्ती टाकीची नाही, शोषखड्ड्याची निघते. ती महाग असते.

पाणी उलटं यायची कारणं ढोबळ मानानं चार. घर ते टाकी या पाइपात काहीतरी अडकलंय. टाकीत गाळ झालाय. टाकीतून बाहेर जाणारा पाइप बुजलाय. किंवा शोषखड्डा पाणी घेत नाहीये. शेवटचं कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त. भूजल वर आलं की खड्ड्याच्या भोवतीची जमीन आधीच तुडुंब असते, तिथे आणखी पाणी मुरणार कुठे? किनारपट्टीच्या सखल भागात हे दरवर्षी होतं. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचा प्रश्न वेगळा आहे. ती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. तिथे शोषखड्डा कितीही मोठा खणला तरी पावसाळ्यात त्याची परीक्षा असतेच.

दोष कुठे आहे ते ओळखायचं कसं?

फक्त एकच कमोड तुंबलाय आणि बाकी सगळीकडून पाणी नीट जातंय, तर अडथळा त्या कमोडच्या पाइपात आहे. प्लंजर किंवा प्लंबर, एवढ्यावर काम होतं. टाकीचा यात संबंध नसतो.

तळमजल्यावरचे सगळे कमोड आणि बाथरूम एकदमच तुंबले असतील, वर फ्लश केल्यावर खाली गुडगुड होत असेल, तर अडथळा मुख्य पाइपात किंवा त्याच्याही पुढे आहे. आता घराबाहेरच्या छोट्या चेंबरकडे बघायचं. हे चेंबर उथळ असतं, सहसा हात-दीड हात खोल. त्याचं झाकण लांब सळईनं किंवा टिकावानं सरकवायचं, तोंड बाजूला ठेवायचं आणि दोन पावलं मागे उभं राहून बघायचं. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये. चेंबर तुडुंब असेल तर अडथळा त्याच्या पुढे, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या पाइपात किंवा टाकीतच.

घरच्या माणसांनी करायची तपासणी इथे संपते. मुख्य टाकीचं झाकण उघडून आत डोकावणं हे घरच्यांचं काम नाही. ते टँकरवाल्यांना करू द्या. का, ते पुढे येतंच आहे.

टाकी गेल्या वर्षीच उपसली होती आणि तरीही आठवडाभराच्या पावसात पाणी उलटं आलं, तर संशय शोषखड्ड्यावर घ्यायचा. टँकर येऊन गेल्यावर तीन-चार दिवसांतच पुन्हा तेच झालं, तर शोषखड्डाच पाणी घेत नाहीये, किंवा भूजल चिरांमधून टाकीत शिरतंय. अशा वेळी टँकरच्या फेऱ्या वाढवत बसण्यात पैसे जातात.

बारीक दिसणारी दोन कारणंही तपासावीत. एक, फ्लशच्या टाकीची गळती. कमोडमध्ये दिवसरात्र बारीक धार चालू असेल तर एका माणसाच्या वापराइतकं पाणी फुकट टाकीत जातं. दुसरं, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप. बांधकामाच्या वेळी मिस्त्रीनं सोय म्हणून तो सांडपाण्याच्या चेंबरला जोडून टाकलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. मग जोराचा पाऊस म्हणजे गच्चीचं सगळं पाणी सेप्टिक टाकीत. पाऊस थांबला की तासाभरात सगळं आपोआप सुरळीत होत असेल तर आधी हा पाइप शोधा.

झाकण उघडून आत वाकायचं का नाही?

बंद टाकीत मैला कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. मिथेन पेट घेतो, म्हणून टाकीजवळ विडी-सिगारेट, काडी, दिवा, मेणबत्ती काहीही नको. विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून हवा तपासायची जुनी रीत काही लोक सांगतात. सेप्टिक टाकीच्या बाबतीत ती थेट स्फोटाला आमंत्रण आहे.

हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. धोका असा की प्रमाण वाढलं की हाच वायू नाकाची वास घेण्याची क्षमता मारतो. हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग एवढ्या प्रमाणात हे काही मिनिटांत होतं. ‘आता वास कमी झाला, उतरायला हरकत नाही’ असं वाटतं, ते नेमकं त्या वेळी. प्रमाण आणखी जास्त असेल तर माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी बसून राहतो, झाकण तासभर उघडं ठेवलं म्हणून टाकी सुरक्षित होत नाही. वर तरंगणारी साय काठीनं ढवळली की अडकलेला वायू एकदम सुटतो.

तोंडाला ओला रुमाल, साधा मास्क, करोनातला एन-९५ यांपैकी काहीही इथे चालत नाही. हे सगळे धूळ अडवतात, वायू नाही. आणि ऑक्सिजनच नसेल तर गाळून घ्यायचं काय?

एप्रिल २०२४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत बायोगॅसची शेणमळी साठवली जायची. मांजराला काढायला एक जण उतरला आणि वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा, त्याच्यासाठी तिसरा, असे सहा जण उतरले. पाच जणांचा मृत्यू झाला. कमरेला दोरी बांधलेला एक जण तेवढा वर ओढता आला. त्याच महिन्यात विरारमध्ये एका खासगी सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत चार कामगार गुदमरून मेले. अशा बातम्यांमध्ये मृतांचा आकडा क्वचितच एक असतो. पहिल्याला वायू मारतो, बाकीच्यांना त्याला वाचवण्याची धडपड.

म्हणून कुणी टाकीत पडलं किंवा काठावर बेशुद्ध झालं तर आत उतरायचं नाही. भाऊ असला तरी नाही. ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ लावायचा आणि ‘सेप्टिक टाकीत माणूस पडलाय’ हे नेमके शब्द सांगायचे, म्हणजे ते श्वसनयंत्र घेऊन येतील. १०८ ची रुग्णवाहिकाही त्याच वेळी बोलवायची. माणूस शुद्धीवर असेल तर वरून दोर किंवा शिडी सोडायची, तीही तोंड झाकणावर न नेता. बाकीच्यांना, विशेषतः त्याच्या घरच्यांना, धरून ठेवणं हे त्या क्षणी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं काम असतं.

‘दोन हजारात माणूस उतरून साफ करून देतो’

तुंबलेल्या घराला असा माणूस सहज सापडतो. गल्लीत टँकर शिरत नाही, टँकरला दोन दिवस लागणार आहेत, आणि कुणीतरी ओळखीचा ‘माणसं’ आणून देतो. या कामासाठी येणारी माणसं कोणत्या जातींची असतात हेही सगळ्यांना माहीत असतं. त्यावर बोललं जात नाही एवढंच.

हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न पुरवता कुणालाही सेप्टिक टाकी किंवा गटार साफ करायला लावणं हा त्याच्या कलम ७ नुसार गुन्हा आहे. हे कलम फक्त महापालिकांना किंवा ठेकेदारांना नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ त्यात येते, थेट काम दिलं काय किंवा मध्यस्थामार्फत दिलं काय. म्हणजे घरमालक आणि सोसायटीचे सेक्रेटरीही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही; त्यानंतरच्या गुन्ह्याला पाच वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

मृत्यू झाल्यास भरपाई किती, हे सर्वोच्च न्यायालयानं ठरवलेलं आहे. २०१४ च्या निकालात ती १० लाख रुपये होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती ३० लाख करण्यात आली, आणि कायमचं अपंगत्व आल्यास किमान २० लाख.

माणूस ‘स्वतःहून तयार होता’ हा बचाव लोक बातम्यांच्या खाली कमेंटमध्ये मांडतात. कायद्यात त्याला जागा नाही.

मग फोन कुणाला करायचा?

पहिला फोन नगरपरिषद, नगरपंचायत किंवा महापालिकेच्या आरोग्य अथवा स्वच्छता विभागाला. बऱ्याच ठिकाणी त्यांचा स्वतःचा मैला उपसणारा टँकर असतो आणि शुल्क खासगीपेक्षा कमी असतं. ग्रामपंचायतीकडे टँकर नसला तरी जवळच्या शहरातल्या टँकरचा नंबर ग्रामसेवकाकडे मिळू शकतो. केंद्र सरकारनं २०२० मध्ये सफाईमित्र सुरक्षा चॅलेंजसोबत १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक सुरू केला, तोही लावून बघता येतो.

खासगी टँकर बोलावताना फोनवरच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. टँकर किती लिटरचा, पाइप किती लांब, आणि पैसे फेरीमागे की टाकीमागे? टाकी दहा हजार लिटरची आणि टँकर चार हजारांचा असेल तर एका फेरीत काम होत नाही आणि वाद तिथूनच सुरू होतो. गल्ली अरुंद असेल तर आधीच सांगायचं, लांब पाइप घेऊन येतात. टाकीत कुणी उतरणार नाही, सगळं मशीननंच होईल, हे स्पष्ट करून घ्यायचं. आणि उपसलेला मैला कुठे रिकामा करणार हेही विचारायचं. रात्रीच्या अंधारात नाल्यात किंवा माळावर टँकर मोकळे होतात हे उघड गुपित आहे. तोच नाला पुढे कुणाच्या तरी विहिरीजवळून जातो.

टँकर आल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. टाकी दोन कप्प्यांची असेल तर दोन्ही कप्प्यांतून उपसा झाला पाहिजे; वरवरचं पाणी ओढून गाळ तळाशी तसाच ठेवून जाणारे टँकर कमी नाहीत. आणि भर पावसात, भूजल वर असताना टाकी पूर्ण कोरडी करायची नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब रिकाम्या टाकीच्या भिंतींवर येतो. विटांच्या भिंतीला चिरा जातात, प्लास्टिकची टाकी तर अक्षरशः तरंगून वर येते. त्या दिवसांत अर्ध्यापर्यंत उपसून पाऊस ओसरल्यावर पूर्ण उपसा करणं शहाणपणाचं. उपसा झाला की झाकण लगेच घट्ट बसवायचं. अर्धवट ठेवलेल्या झाकणातून मुलं पडल्याच्या घटना घडतात.

टँकर यायला वेळ असेल तर तोवर शेजाऱ्यांकडे किंवा सार्वजनिक शौचालयात जाणं उत्तम. अगदीच इलाज नसेल आणि पाणी थोडं उतरलं असेल, तर फ्लश न ओढता मगभर पाण्यावर भागवायचं. आंघोळ, धुणं, भांडी बाहेर.

ॲसिड, गूळ, यीस्ट आणि ऑनलाइन मिळणारी पावडर

रील्समध्ये टाकी ‘पाच मिनिटांत मोकळी’ करणारे उपाय भरपूर आहेत. गूळ आणि शेण, बेकरीचं यीस्ट, मूठभर मीठ, जिवाणूंची पुडी. टाकीत जिवाणू मैल्यासोबत आपोआप येतात, ते विकत घ्यावे लागत नाहीत. आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ किंवा पाइपात अडकलेला डायपर कोणत्याही पुडीनं एका रात्रीत विरघळत नाही. तुंबलेल्या टाकीवर तर याचा काहीच परिणाम होत नाही.

ॲसिड आणि कॉस्टिक सोडा ही जास्त वाईट गोष्ट. तुंबलेल्या कमोडमध्ये ते पुढे जात नाही, तिथेच साचून राहतं. नंतर प्लंबर प्लंजर मारतो आणि ते त्याच्या डोळ्यांत उडतं. ॲसिडनंतर ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसं भाजतो. प्लंबर येण्याआधी कुणी काही ओतलं असेल तर त्याला ते सांगा. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पाणी ओसरल्यावरची सफाई

घाण पाणी ओसरलं म्हणजे काम संपलं असं नाही. त्यातून जुलाब, टायफॉइड, कावीळ पसरते. पावसाच्या साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल तर लेप्टोचाही धोका असतो. पायाला जखम असेल तर त्या माणसानं सफाईला हात लावू नये.

रबरी हातमोजे, गमबूट आणि साधे जुने कपडे. आधी घट्ट घाण सुपलीनं गोळा करायची, मग साबणाच्या पाण्यानं फरशी आणि भिंतीचा खालचा भाग घासून काढायचा, मग निर्जंतुकीकरण. क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाणीवरच ब्लीच टाकलं तर ते घाणीतच खर्च होतं. १० लिटरच्या बादलीत साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग धुवायचं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून. जुनी, उघड्या पुडीतली पावडर वासाला येत नसेल तर तिच्यात दमही उरलेला नसतो. हे धुतलेलं सगळं पाणी बादल्या भरभरून सेप्टिक टाकीत ढकलू नये, टाकीतले कामाचे जिवाणू त्यानं मरतात.

कापसाच्या गाद्या, पायपुसणी, पुठ्ठ्याची खोकी भिजली असतील तर टाकून द्यावीत. कितीही ऊन दाखवलं तरी कापसाच्या आतपर्यंत ते पोचत नाही. कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत. जमिनीखालच्या टाकीत मैल्याचं पाणी गेल्याची शंका असेल तर ते पाणी उकळून वापरायच्या भानगडीत पडू नये. टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन मगच भरावी, आणि आधी वरच्या टाकीचंही पाणी सोडून द्यावं.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे पिवळे किंवा लाल होणं, सतत जुलाब असं काही दिसलं तर डॉक्टरांना घरात मैल्याचं पाणी आलं होतं हे आवर्जून सांगावं. लेप्टोच्या निदानात ही एक ओळ खूप मदत करते.

टाकी किती वर्षांनी उपसायची?

दर दोन ते तीन वर्षांनी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हाच काळ दिलेला आहे आणि सेप्टिक टाकीचं भारतीय मानक, आयएस २४७०, टाकीची मापंही उपसण्याचा काळ धरूनच देतं. पाच माणसांच्या घराला या मानकानुसार दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि साधारण एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. आपल्याकडे लोक याच्या तिप्पट-चौपट टाकी बांधतात आणि ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही’ असं अभिमानानं सांगतात. वीस वर्षांत न भरणाऱ्या टाकीला बहुतेकदा तळच नसतो. मैला सरळ जमिनीत जात असतो. त्याच मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा असंही म्हटलंय. गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर हे जमवणं किती कठीण आहे हे प्लॉट घेणाऱ्यांना माहीतच आहे.

साताऱ्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या दोन नगरपरिषदांनी यावर वेगळा मार्ग काढला. घरमालकानं फोन करायची वाट न बघता शहराचे भाग पाडून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा आळीपाळीनं उपसायची, उपसलेला मैला प्रक्रिया प्रकल्पात न्यायचा आणि खर्च करातून भागवायचा. कचरागाडी जशी ठरलेल्या दिवशी येते तसंच. इतर शहरांत मात्र अजून तुंबल्यावरच फोन होतो, आणि तोही बहुतेकदा जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा सगळ्यांचेच फोन चालू असतात. उपसायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये उपसावी. टँकर मोकळे असतात, भूजल खाली असतं आणि शोषखड्ड्यालाही पावसाआधी उसंत मिळते.

टँकर येतो तेव्हा अनेक घरांत पहिला अर्धा तास टाकी शोधण्यात जातो. झाकणावर पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात, नाहीतर तुळशीवृंदावन. घर बांधलेल्या मिस्त्रीचा नंबर लागत नाही. म्हणून टाकी उपसून झाली की झाकण उघडं दिसत असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, घराच्या भिंतीपासून ते किती फुटांवर आहे ते मोजावं, शोषखड्डा आणि चेंबर कुठे ते कागदावर काढावं आणि उपशाची तारीख त्यावर टाकून तो कागद लाइट बिलाच्या फाइलमध्ये ठेवावा. भाडेकरू असतील तर त्यांनाही तो फोटो पाठवावा, कारण घाण पाणी वर येतं तेव्हा मालक बहुतेकदा दुसऱ्या शहरात असतो.